‘स्विच बदलावा लागेल’ : पण कशावरून?



पावसाळा लागला की गॅरेजमध्ये एक वाक्य हमखास कानावर पडतं. "मागच्या काचेचा डिफॉगर चालत नाही ना? मग स्विच गेला. बदलावा लागेल." हे वाक्य ऐकल्यावर पर्स उघडण्याआधी आपण बायकांनी दोन शब्द विचारायला शिकलं पाहिजे, असं माझं स्पष्ट मत आहे. ते दोन शब्द म्हणजे "कशावरून कळलं?"

भाजीवाल्याला आपण काकडी कडू निघाली तर काय, असं विचारतो. सोनाराकडे वजनाचा काटा आपल्या बाजूला वळवून घेतो. मग गाडीचं काही निघालं की आपण एकदम गप्प का होतो? "त्यातलं मला काही कळत नाही" हे वाक्य आपल्यातल्या हुशार हुशार बायका हसत हसत म्हणतात. घरखर्चाची वही पैशापैशाने जुळवणाऱ्या बाईने असं म्हणू नये, म्हणून आजचा विषय हा एवढासा स्विच.

आधी ही वस्तू काय आहे ते बघू. गाडीच्या मागच्या काचेवर आतून तांबूस किंवा काळपट अशा बारीक आडव्या रेघा असतात. त्या शोभेच्या नाहीत. चांदीचा अंश असलेला लेप काचेवर भाजून त्या पक्क्या केलेल्या असतात आणि त्यांतून वीज गेली की त्या कोमट होतात. दोन्ही कडांना एकेक रुंद उभी पट्टी असते. एका पट्टीला बॅटरीकडून वीज येते, दुसरी पट्टी अर्थला, म्हणजे गाडीच्या पत्र्याला जोडलेली असते. काच कोमट झाली की तिच्यावर साचलेली वाफ उडून जाते. डॅशबोर्डवर ज्या बटणावर चौकोन आणि त्यात वर जाणारे तीन वळणदार बाण असतात, ते या मागच्या काचेचं. पंख्यासारखा आकार आणि बाण असतात ते पुढच्या काचेचं. तिथे रेघा नसतात, एसीची हवा काचेवर सोडलेली असते. या दोन बटणांत गल्लत करून "चालत नाही" म्हणणारे पुष्कळ असतात.

वाफ येते कुठून? आपल्याच श्वासातून, ओल्या छत्र्यांतून, भिजलेल्या पदरांतून, पायपुसण्यातून. पाच माणसं, काचा बंद आणि बाहेर कोल्हापूरचा आषाढ, एवढं पुरे. गार काचेला ही दमट हवा लागली की तिचे बारीक थेंब होतात. सकाळी फ्रीजमधून काढलेल्या तांब्याला बाहेरून पाणी सुटतं, तसंच. त्यात हवा आतल्या आत फिरवण्याचं बटण चालू राहिलं की दमटपणा बाहेर जायला वाटच राहत नाही.

"एवढ्याशा वाफेने काय होतंय?" असं कोणी म्हणेल. तर ऐका. चातुर्मासात मुनिमहाराज एका गावी थांबतात आणि दर्शनाला आपण निघतो, ते नेमके भर पावसाचे महिने. घरी वेळेत जेवून निघायचं म्हणजे परतताना अंधार होतोच. आंबोली किंवा फोंडा घाट उतरताना मागून येणारा ट्रक किती जवळ आहे हे आरशात दिसायला हवं, आणि आतला आरसा मागची काच दाखवतो. काच पांढरी झाली असेल तर आरसा असून नसल्यासारखा. अंगणात गाडी मागे घेतानाही तेच. पाऊस चुकवायला कुत्र्याची पिल्लं गाडीखाली येऊन बसतात, नातवंडं मागे धावत येतात. चालताना पुढची जमीन पाहून पाऊल टाकावं, हे आपल्याला लहानपणापासून शिकवलंय. गाडी मागे घेताना मागचं न पाहता घेणं त्या शिकवणीत कसं बसेल?

काहीजणी म्हणतील, आता सेन्सर असतात. खरं आहे. १ जुलै २०१९ पासून नव्या मोटारींना मागे जाताना वाजणारे सेन्सर सक्तीचे झाले. पण ते गाडी मागे घेतानाच वाजतात, घाटात पुढे जाताना मागचा ट्रक सांगत नाहीत. आणि कॅमेऱ्याच्या भिंगावर चिखलाचा एक थेंब उडाला की त्याचंही दर्शन बंद. म्हणून काच स्वच्छ असणं ही चैन नव्हे.

आता स्विचकडे वळू. मी बी.कॉम. झाले त्या काळी ताळेबंद हाताने जुळवायचा असे. ट्रायल बॅलन्स जुळला नाही की सगळी वही पुन्हा लिहून काढत नसत. आधी बेरजा तपासायच्या, मग बाक्या, मग नोंदी. फरकाला ९ ने पूर्ण भाग गेला तर आकड्यांची अदलाबदल झाली असेल, फरकाच्या निम्मी रक्कम कुठे सापडली तर नोंद चुकीच्या बाजूला पडली असेल, अशा खुणा होत्या. ज्याला शोधायचा कंटाळा, तो फरक ‘सस्पेन्स अकाउंट’मध्ये टाकून मोकळा व्हायचा. न तपासता स्विच बदलणं म्हणजे हे सस्पेन्स अकाउंट आहे. पैसे गेले, फरक तसाच राहिला.

डिफॉगरच्या वहीत नोंदी मोजून पाच. फ्यूज, स्विच, रिले, वायर आणि काचेवरच्या रेघा. वीज या सगळ्यांतून गेली तरच काच तापते. कुठेही एका ठिकाणी खंड पडला की बाहेरून लक्षण एकच दिसतं, ते म्हणजे काच थंड. मग दोष स्विचचाच, हे न तपासता कसं ठरवणार?

गाडी चालू असताना बॅटरीकडून साधारण साडेतेरा व्होल्ट मिळतात. डिफॉगर १२ अँपिअर घेत असेल तर १३.५ गुणिले १२, म्हणजे १६२ वॅट झाले. गाडीच्या मानाने हा भार मोठा आहे. एवढा भार बोटाएवढ्या बटणातून नेला तर बटणाचे आतले टोक जळतात. म्हणून बहुतेक गाड्यांत रिले नावाची छोटी चौकोनी डबी असते. स्विच फक्त हुकूम देतो आणि भार रिले उचलतो. सासूबाई सांगतात आणि सून पातेलं उतरवते, असं म्हणा हवं तर. पातेलं उतरलं नाही म्हणून दर वेळी सासूबाईंना दोष देता येत नाही!

आता पायऱ्या सांगते. पहिल्या चार पायऱ्यांना एक पैसा लागत नाही.

पहिली पायरी, इंजिन चालू करा आणि मगच बटण दाबा. बॅटरी उतरू नये म्हणून पुष्कळ गाड्यांत नुसती किल्ली फिरवून डिफॉगर चालत नाही. बटणावर किंवा शेजारी दिवा लागला का ते बघा. दहा-पंधरा मिनिटांनी तो आपोआप विझला तर तो बिघाड नव्हे, तशी वेळ लावून दिलेली असते. हवा असेल तर पुन्हा दाबायचा.

दुसरी पायरी, रेडिओ आणि पंखा बंद करा आणि कान द्या. दाबल्याबरोबर कुठूनतरी ‘टक्’ असा बारीक आवाज आला, तर रिलेपर्यंत हुकूम पोचला. म्हणजे स्विच बहुधा निर्दोष. काही गाड्यांत याच बटणावर बाहेरचे आरसेही तापतात. आरसे कोमट होत असतील आणि काच थंड असेल, तरी स्विचची सुटका झाली.

तिसरी पायरी, पाच मिनिटांनी काचेला आतून तळहात लावा. इस्त्रीसारखी गरम लागणार नाही, जेमतेम कोमट लागेल. पाऊस नसेल तर काचेवर तोंडाने ‘हा’ करून वाफ सोडा. रेघांवरची वाफ आधी उडते. सगळ्या रेघा थंड असतील तर दोष रेघांत नाही, वीजच येत नाही किंवा अर्थ सुटला आहे. एक-दोनच रेघांवर वाफ राहत असेल, तर तेवढ्याच रेघा तुटल्या आहेत. प्रत्येक रेघ स्वतंत्रपणे जोडलेली असल्यामुळे एक तुटली तरी बाकीच्या चालतात. अशा वेळी कोणी स्विच बदला म्हणाला, तर त्याला नमस्कार करून बाहेर पडा.

चौथी पायरी फ्यूजची. गाडीबरोबर मिळालेलं पुस्तक डॅशबोर्डच्या खणात प्लास्टिकमध्ये तसंच पडलेलं असतं, ते काढा. फ्यूजची डबी कुठे आहे आणि डिफॉगरचा फ्यूज कितवा, हे त्यात छापलेलं असतं. गाडी बंद करून तो फ्यूज ओढून काढा आणि उजेडात धरा. आतली तार तुटलेली दिसली तर तेवढ्याच अँपिअरचा नवा घाला. रंगावरूनही ओळखता येतो. लाल १० चा, निळा १५ चा, पिवळा २० चा, हिरवा ३० चा. "जरा मोठा घालतो, पुन्हा उडणार नाही" असं म्हणणाऱ्याला तिथल्या तिथे थांबवा. मोठा फ्यूज घातला की फ्यूजऐवजी वायर जळते. आणि नवा फ्यूजही लगेच उडाला, तर कुठेतरी वायर पत्र्याला टेकली आहे. मग इलेक्ट्रिशियनच हवा.

इथून पुढचं काम टेस्टर किंवा मल्टीमीटर घेऊन त्याने करायचं. आपण शेजारी उभं राहून बघायचं. स्विच खरंच गेलाय का, हे तीन ओळींत ठरतं. जुन्या पद्धतीच्या स्विचला एक येणारी आणि एक जाणारी वायर असते. येणाऱ्या वायरवर वीज नाही, तर दोष स्विचच्या मागे, म्हणजे फ्यूजकडे. येणारीवर आहे पण दाबल्यावर जाणारीवर नाही, तर दोष स्विचचा, खुशाल बदला. दोन्हींवर आहे, तर स्विच चांगला आणि दोष पुढे. एवढं त्याने आपल्यासमोर दाखवलं की "कशावरून कळलं?" याचं उत्तर मिळालं.

जुन्या गाडीत बटण दाबल्यावर हाताला गरम लागत असेल किंवा प्लास्टिक जळाल्याचा वास येत असेल, तर मात्र चाचणीची वाट न पाहता वापर बंद करा. तो स्विच आतून जळत आला आहे.

नव्या गाड्यांत स्विच एसीच्या पॅनेलमध्येच असतो आणि तो फक्त एक इशारा एका छोट्या कॉम्प्युटरला देतो. तिथे साध्या टेस्टरने भागत नाही, स्कॅनर लावावा लागतो. पण तिथेही क्रम तोच. ‘टक्’ आवाज येत नसेल तर आधी रिले तपासायचा. त्याच क्रमांकाचा आणि तेवढ्याच पायांचा दुसरा रिले, बहुतेकदा हॉर्नचा, घटकाभर त्या जागी लावून बघता येतो. तेवढ्याने काच तापली तर दोष रिलेत निघाला. बदलायचा तर तेवढी डबी बदला, सगळं पॅनेल कशाला?

आमच्याच गाडीचं सांगते. गेल्या पावसाळ्यात डिफॉगर बंद पडला. घरी फ्यूज पाहिला, ठीक होता. बटणाचा दिवा लागत होता, टक् आवाज येत होता, पण काच पूर्ण थंड. एका मोठ्या वर्कशॉपमध्ये सांगितलं, पॅनेलसकट स्विच बदलावा लागेल. मी विचारलं, "कशावरून कळलं?" त्या मुलाने माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाला, "मॅडम, साहेबांना फोन द्या ना, मी त्यांना समजावतो." मी म्हटलं, "साहेबांना यातलं माझ्याइतकंही माहीत नाही. मला समजाव." आमचे हे शेजारीच उभे होते, त्यांनी मान डोलावली. मुलगा तरी काही समजावू शकला नाही, कारण त्याने काही तपासलंच नव्हतं. गाडी घेऊन आम्ही निघालो.

मग गावातल्या एका जुन्या ऑटो इलेक्ट्रिशियनकडे गेलो. त्याला सगळी लक्षणं क्रमाने सांगितली. तो म्हणाला, "काकू, निम्मं काम तुम्हीच करून आलाय." त्याने डिकीचं दार उघडलं आणि वरच्या बिजागरीपाशी जी रबरी नळी असते, ती मागे सरकवली. काचेकडे जाणाऱ्या वायरी त्या नळीतून जातात. दार हजारदा उघडतं आणि मिटतं, तसतशी तिथली वायर वाकून वाकून आतून तुटते. बाहेरचं आवरण मात्र शाबूत दिसतं. आमची वायर अशीच तुटलेली होती. दार अर्धवट उघडं ठेवलं की टोकं टेकायची आणि काच तापायची, दार लावलं की बंद. त्याने लवचिक वायरचा तुकडा जोडला, सोल्डर केलं, वर टेप गुंडाळला. अर्धा तास लागला आणि पॅनेलच्या किमतीच्या मानाने खर्च नगण्य झाला. नवं पॅनेल बसवलं असतं तरी काच थंडच राहिली असती. मला राग पैशांचा नाही आला, ‘साहेबांना फोन द्या’ याचा आला.

हे वाक्य आपण यापुढे चालवून घेऊ नये. आपल्या ओळखीत अशा कितीतरी बायका आहेत, ज्यांची मुलं पुण्याला, बंगळुरूला नाहीतर परदेशात आहेत. काहींचे ‘साहेब’ आता या जगात नाहीत. गाडी त्यांच्या नावावर आहे, हप्ता त्यांनी फेडला आहे, गाडी चालवतातही त्याच. त्यांनी फोन कोणाला द्यायचा? विचारण्याची सवय नवरा शेजारी असतानाच लावून घेतली, तर एकटीवर वेळ आली तरी आवाज बसत नाही.

कारागिराच्या बाजूनेही बोललं पाहिजे. तपासणी हेसुद्धा काम आहे आणि त्याचे पैसे द्यायला आपण कुरकुरतो. "नुसतं बघितलं, त्याचे कसले पैसे?" असं म्हटलं की तो पुढच्या वेळी न बघता पार्ट बदलतो, कारण पार्टचे पैसे आपण मुकाट्याने देतो. डॉक्टरांची फी देतो, तशी तपासणीची मजुरी आनंदाने द्यावी. बदललेला जुना पार्ट मात्र हातात मागून घ्यावा आणि बिलावर ‘तपासणीत काय आढळलं’ हे लिहून घ्यावं. पावतीशिवाय नोंद नाही, हा नियम वहीला लागू आहे, तसाच गाडीला.

आणि रेघा तोडण्याचं काम पुष्कळदा घरातूनच होतं, म्हणून चार गोष्टी सांभाळा. काच आतून पुसताना मऊ ओलसर फडक्याने आडवी, रेघांच्या दिशेने पुसा. स्टिकर काढायला ब्लेड किंवा उलथनं लावू नका, स्टिकरबरोबर रेघही निघून येते. आतून स्टिकर लावूच नका, तो कितीही पवित्र असला तरी. यात्रेला जाताना मागच्या फळीवर डबे, चटया, फळांच्या करंड्या काचेला टेकतील अशा रचू नका. धक्क्याधक्क्याला त्या रेघांवर घासतात. एखादी रेघ तुटलीच, तर वीजवाहक रंग मिळतो. रेघेच्या वर-खाली टेप लावून तेवढा तुकडा त्याने रंगवून घेता येतो, पूर्ण काच बदलायची गरज नसते. डॅशबोर्ड उघडण्याच्या भानगडीत मात्र आपण पडू नये. एअरबॅगच्या वायरी तिथेच असतात, त्यांचे जोड सहसा पिवळे असतात आणि त्यांना हात लावायचा नसतो.

नवी गाडी घेताना पुष्कळ लहान गाड्यांत डिफॉगर आणि मागचा वायपर वरच्या मॉडेललाच मिळतात. आपण सीट कव्हर, चकचकीत चाकं, मोठा स्क्रीन यांवर खर्च करतो आणि मागची काच आंधळी ठेवतो. आपल्याकडच्या पावसात माझा कौल डिफॉगरला. बजेट तेवढंच असेल तर सीट कव्हर पुढच्या वर्षी घ्या.

या रविवारी एक करा. गाडी सुरू करा, ते तीन बाणांचं बटण दाबा, कान द्या आणि पाच मिनिटांनी काचेला हात लावा. कोमट लागली तर छान. थंड लागली तर फ्यूज पाहा, काय दिसलं ते कागदावर क्रमाने लिहा आणि तो कागद घेऊनच गॅरेजमध्ये जा. समोरचा स्विच बदला म्हणाला, तर ते दोन शब्द लक्षात आहेतच.